मेसईदची चिठ्ठी : नवं पिस्तूल आणि जुना प्रश्न



मागच्या चिठ्ठीत घरातल्या राउटरचं रडगाणं गायलं होतं. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण माझ्या धंद्याला धरूनच आहे. नवी वस्तू आणली, महाग आणली आणि ती नीट चालेना, तर दोष शोधायचा कसा? वस्तू आहे पिस्तूल. दचकू नका, खेळाचं पिस्तूल :-)

आधी एक खुलासा. पिस्तूल माझं नाही आणि इथे नाही. मेसईदमध्ये माझ्यासारख्या नोकरदार परदेशी माणसाने पिस्तूल घरी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. इथल्या मोकळ्या वेळात आम्ही फार तर सीलाइनच्या वाळूत गाडी रुतवतो आणि मग ती काढायला मित्रांना फोन करतो. तासाभराच्या अंतरावर लुसेलची शूटिंग रेंज आहे. २००६च्या दोहा एशियाडमध्ये जसपाल राणाने अंगात ताप असताना तिथेच सेंटर फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं होतं. ती रेंजसुद्धा मी बाहेरूनच पाहिली आहे.

पिस्तूल आहे माझ्या पुतणीचं, पुण्यात. २०१८च्या एशियाडमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं, तेव्हा ही दहावीत होती. अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नेमबाज ३४-३४ वर बरोबरीत, मग शूट-ऑफ, तोही बरोबरीत, मग पुन्हा शूट-ऑफ. आमच्या घरी टीव्हीसमोर कोणी जागचं उठलं नाही म्हणे. त्यानंतर पोरीने बालेवाडी धरली ती धरलीच. सुरुवातीला एअर पिस्तूल, मग क्लबच्या .२२ पिस्तुलावर २५ मीटर. ते पिस्तूल चौघी-पाचजणींत फिरणारं, मूठ तिच्या हाताला मोठी, तरीही प्रिसिजनच्या ३० गोळ्यांत ३०० पैकी २८०च्या आसपास जायची.

मग ठरलं, स्वतःचं घ्यायचं. परवाना, पोलीस पडताळणी, आयातीची कागदपत्रं यांत किती महिने गेले ते दादालाच ठाऊक. पैशातला मोठा वाटा माझा. हे सांगतोय ते मोठेपणासाठी नाही, पुढे त्याचा संबंध येणार आहे म्हणून.

पिस्तूल आलं. पेढे वाटले. आणि तीन आठवड्यांनी दादाचा फोन आला, "फसवलं रे आपल्याला."

नव्या पिस्तुलावर पोरीचा स्कोअर २६६, मग २६४, एकदा तर २५९. गोळ्या कागदभर. राज्य स्पर्धा सहा आठवड्यांवर. रेंजवर जो तो सल्ला देत होता. एक म्हणाला नळी खराब आहे, दुसरा म्हणाला काडतूस बदला, तिसरा म्हणाला मूठ तासून घ्या. दादाने परत पाठवायची भाषा सुरू केली होती. २०२१ला टोकियोत एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर बिघडला, बराच वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली, ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि पोरगी? ती म्हणाली, "काका, पिस्तूल चांगलंच असेल. मीच संपले बहुतेक. या वर्षी स्पर्धा नको."

बावीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून "संपले" ऐकून माझी संध्याकाळ गेली. बाहेर शमालचा धुरळा, खिडकीतून दिसणाऱ्या प्लँटच्या ज्वाळा त्यात पिवळट दिसत होत्या. इथे बसून मी करणार काय? मग म्हटलं, जे रोज करतो तेच करू या.

प्लँटमधली सिस्टीम बंद पडली की रात्री दोन वाजता कॉलवर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. शेवटचं नीट चाललं कधी, आणि तेव्हापासून काय बदललं? याचं पहिलं उत्तरही ठरलेलं असतं : "काहीच नाही." आणि ते उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं. कोणी खोटं बोलत नाही, फक्त आपण केलेला बदल कोणाला बदल वाटत नाही.

मी दादाला विचारलं, "पिस्तूल आल्यापासून काय काय बदललं?"

"काही नाही रे. जसं आलं तसं आहे. मी फक्त रोज पुसून ठेवतो."

हे वाक्य लक्षात ठेवा, मंडळी.

पुतणीला म्हटलं, आता काही दिवस कशालाही हात लावायचा नाही. साईट फिरवायची नाही, मूठ तासायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. तारीख, काडतुसाचा लॉट नंबर, किती गोळ्या, नळी कधी साफ केली. ती म्हणाली, "सर पण हेच सांगतात." बघा, तिच्या कोचने आधीच सांगितलेलं होतं. पण सल्लागार दहा झाले की शहाण्याचा आवाज त्यांत बुडतो.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी शाळा. .२२ म्हणजे इंचाच्या शंभरातले बावीस भाग, सुमारे ५.६ मिलिमीटर. रिमफायर म्हणजे काडतुसाच्या बुडाची जी कड असते तिच्या आतच पेट घेणारा मसाला भरलेला असतो. पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते, ठिणगी पडते. हे .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ पासून चालत आलं आहे. गोळी शिशाची, ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर, आणि तिला बाहेरून मेणासारखं वंगण असतं. खेळाची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आत ठेवतात, सेकंदाला साधारण ३३० मीटर. कोणी "जास्त वेगाची मार, सरळ जाईल" म्हणालं तर ऐकायचं नाही. २५ मीटरवर त्याचा फायदा नाही आणि खेळाच्या पिस्तुलाचे सुटे भाग तेवढे दणके रोज खायला बनवलेले नसतात.

लक्ष्य कसं असतं? प्रिसिजनच्या कागदावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, नवाचं १०० मिलिमीटरचं. एका हाताने, आधाराशिवाय, पाच मिनिटांत पाच गोळ्या, अशा सहा फेऱ्या. नंतर रॅपिडच्या ३० गोळ्या, त्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं. एकूण ६०० गुण.

आता शोधमोहीम. पहिली पायरी, माणूस बाजूला काढणे. सॉफ्टवेअर गंडलंय की ते वापरणारा, हे कळायचं असेल तर दुसऱ्याला बसवून बघतो ना, तसंच. रेंजची परवानगी घेऊन सरांनी टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, पिस्तूल त्यावर टेकवलं आणि स्वतः गोळ्या मारल्या. मी सांगितलं होतं की तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप नकोत. तीन गोळ्या योगायोगानेही एका भोकात जातात आणि योगायोगानेच फाकतात. दहा-दहाचे तीन ग्रुप घ्या. आणि गोळ्या कागदावर कुठे लागल्या ते या चाचणीत बघू नका, कारण पिशवीवरून पिस्तूल उडतं वेगळं आणि हातातून उडतं वेगळं. फक्त किती फाकल्या ते बघा.

फोटो आले. मी ते लॅपटॉपवर मोठे करून बघितले आणि खुर्चीत सरळ बसलो. गोळ्या कागदभर फाकलेल्या नव्हत्याच. एका ग्रुपमध्ये सहा गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा, आणि चार गोळ्या उजवीकडे, त्याही एकत्र. दोन वाड्या, मध्ये मोकळं रान. दुसऱ्या ग्रुपमध्ये तेच. दोन वाड्यांत अंतर सुमारे २३ मिलिमीटर.

नळी खराब असती तर गोळ्या वाटेल तशा पसरल्या असत्या. दोन वाड्या म्हणजे कुठलीतरी वस्तू दोन जागांवर बसते आहे, कधी इथे, कधी तिथे. काहीतरी सैल आहे.

किती सैल? हे गणित अगदी सोपं आहे. पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर २२ सेंटिमीटर. लक्ष्य २५ मीटरवर. म्हणजे साईटमधली चूक कागदावर सुमारे ११४ पट मोठी होते. २३ मिलिमीटरला ११४ ने भागा, ०.२ मिलिमीटर. झेरॉक्सच्या दोन कागदांची जाडी. एवढंसं काहीतरी त्या पिस्तुलात हलत होतं.

डोळ्यांनी ते दिसणार नाही. इथे मला आमच्या प्लँटमधला चिपळूणचा फिटर आठवला. तो पंपाचा बोल्ट आवळला की त्यावर आणि खालच्या लोखंडावर मिळून रंगाची एक आडवी रेघ मारतो. पुढच्या फेरीत रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. यंत्र नको, मोजमाप नको. मी पुतणीला म्हटलं, वहिनीची नेलपॉलिश घे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री सरांसमोर दोनदा कर आणि प्रत्येक स्क्रूवर बारीक रेघ मार. मुठीचा स्क्रू, नळी धरून ठेवणारा स्क्रू, पुढची साईट, मागची साईट.

पन्नास गोळ्यांनंतर फोटो आला. सगळ्या रेघा सरळ, फक्त मागच्या साईटच्या स्क्रूवरची रेघ तुटलेली.

तेवढ्यात पुतणीला आणखी एक वस्तू सापडली. पिस्तुलाच्या पेटीत फोमच्या खाली एक छोटा कागद होता. कारखान्यात पिस्तूल बांधण्याआधी घेतलेली चाचणी, २५ मीटरवर पाच गोळ्या, जवळजवळ एकच भोक. अशी पिस्तुलं घेताना पुष्कळदा तो कागद बरोबर येतो आणि पुष्कळदा तो कोणी बघत नाही. म्हणजे तिथून निघताना पिस्तूल ठणठणीत होतं. शेवटचं नीट चाललं कधी, याचं उत्तर फोमखाली पडून होतं.

मग स्क्रू सैल केला कोणी?

मी दादाला पुन्हा फोन लावला. "दादा, तू पुसतोस म्हणजे नक्की काय काय करतोस?"

दादा बँकेतून निवृत्त झालेला माणूस. गाडीचं पुस्तक गाडीच्या आधी वाचणारा. तो अभिमानाने सांगू लागला. रोज संध्याकाळी टेबलावर जुनी चादर घालतो. नळीतून ब्रश फिरवतो, पांढरं कापड पांढरं बाहेर येईपर्यंत. मग तेल. मग मागच्या साईटखाली काजळी बसते म्हणून ती साईट काढतो, खाली पुसतो आणि परत लावतो. "स्क्रू अगदी हलक्या हाताने लावतो हं. एवढी महागाची वस्तू, आटे गेले तर?"

मी काही वेळ बोललोच नाही. तो म्हणाला, "हॅलो? ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखी त्या पिस्तुलाची तो रोज षोडशोपचारे पूजा करत होता आणि त्या पूजेतच दोष शिरला होता. एकच नाही, दोन. स्क्रूचं तर झालंच. पण नळीचंही होतं. .२२च्या गोळीचं मेण नळीच्या आत हलका थर धरतं आणि तो थर बसला की गोळ्या एका ठिकाणी जाऊ लागतात. रोज नळी कोरी केली आणि वर तेल ठेवलं, तर रोजच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या भटकणारच. शिसं आणि काजळी साचली की साफ करावंच लागतं, पण ते ठरावीक शेकड्याने गोळ्या झाल्यावर, पुस्तिकेत सांगितलं असेल त्या हिशेबाने. आणि ब्रश शक्यतो मागून पुढे, नळीचं तोंड घासलं जाणार नाही अशा बेताने. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्या तोंडाचा असतो, तिथला ओरखडा महागात पडतो.

आता हे दादाला सांगायचं कसं? ज्या माणसाने पोरीला पहाटे पाचला बालेवाडीला सोडण्यात सात वर्षं घालवली, त्याला म्हणायचं की तूच बिघडवलंस? मी भ्याड माणूस, मी तांत्रिक भाषेचा आडोसा घेतला. म्हणालो, "दादा, त्या स्क्रूला ठरावीक जोर लागतो, हाताने अंदाज येत नाही. टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर मिळतो, पुस्तिकेत आकडा असेल."

तो हुशार माणूस आहे. म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे." आणि फोन वहिनीकडे दिला.

दोन दिवस दादा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्क्रूड्रायव्हरचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

साईट पक्की झाली. पुढची पायरी काडतुसं. एकाच छापाच्या काडतुसांतही लॉटप्रमाणे फरक पडतो, म्हणून मोठे नेमबाज लॉट तपासून घेतात. आपल्याकडे आयातीचा माल आणि ठरावीक कोटा, निवडीला जागा कमी. पण क्लबमधून तीन वेगवेगळे लॉट मिळाले. पुन्हा वाळूच्या पिशव्या. लॉट बदलला की आधी १५-२० गोळ्या नुसत्या मारून टाकायच्या, कारण प्रत्येकाचं मेण वेगळं आणि नळीला नवी सवय लागायला तेवढ्या गोळ्या जातात. मग दहा-दहाचे ग्रुप. एक लॉट ३४ मिलिमीटर, दुसरा २५, तिसरा १९. तिसरा स्पर्धेसाठी बाजूला ठेवला, पहिला सरावाला. काडतुसांचा डबा दुपारभर उन्हात गाडीत ठेवायचा नाही, हेही वहीत लिहिलं. मेसईदच्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही :-)

आता पिस्तूल १९ मिलिमीटरचं, दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. मी मनात पेढे वाटले. शनिवारी पुतणी हातात पिस्तूल घेऊन उभी राहिली.

२६९.

मंडळी, हे मला आधीच कळायला हवं होतं. गणित माझ्यासमोर होतं. दोन वाड्यांत २३ मिलिमीटर, म्हणजे मधल्या बिंदूपासून प्रत्येक गोळी फार तर बारा मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. एवढ्याने कडेवरची एखादी गोळी दहावरून नवावर येईल, सगळे मिळून चार-पाच गुण जातील. चौदा आणि वीस गुण त्याने जात नाहीत. एक दोष सापडला की आपण इतके खूश होतो की तो सगळ्या दुखण्याला पुरतो का, हे तपासायचं राहून जातं. आमच्या धंद्यात ही चूक मी नवीन पोरांना ओरडून सांगतो. स्वतः मात्र केली.

उरलेले गुण कुठे जात होते ते कागदावर दिसत होतं. गोळ्या खाली-डावीकडे. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली-डावीकडे झुकू लागल्या की कोच आधी साईटकडे बघत नाहीत, बोटाकडे बघतात. चाप हळूहळू दाबत नेण्याऐवजी शेवटच्या क्षणी झटका बसतो, किंवा धमाक्याची चाहूल लागून सगळी मूठच आवळली जाते.

सरांनी एक जुनी युक्ती केली. मॅगझिन ते स्वतः भरणार. खऱ्या काडतुसांत मध्येच एक नकली काडतूस घालणार, कितव्या नंबरला ते तिला सांगणार नाहीत. (नुसतं रिकामं पिस्तूल चालवायचं नाही. रिमफायरमध्ये समोर काडतुसाची कड नसली की पिन नळीच्या काठावर आपटू शकते. खेळाच्या पिस्तुलात ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरायची.) त्याचा व्हिडिओ त्यांनी मला पाठवला. एक, दोन, तीन गोळ्या सुटल्या. चौथ्याला नुसतंच टक् झालं आणि पिस्तुलाचं तोंड दोन बोटं खाली गेलं. धक्का नाही, आवाज नाही, तरी हात दचकला.

क्लबच्या पिस्तुलावर ती असं करत नव्हती. चापाचं वजन तेच, नियमाप्रमाणे किलोभर. मग इथे का?

त्या रात्री मी तिला फोन केला. पिस्तुलाबद्दल विचारायचं नाही असं ठरवून केला आणि तिसऱ्या मिनिटाला विचारलंच. ती आधी काही नाही म्हणाली. मग म्हणाली, "काका, खरं सांगू? क्लबचं पिस्तूल हातात असताना मी फक्त पुढची साईट बघायचे. हे हातात घेतलं की मला किंमत दिसते. बाबा रोज संध्याकाळी ते पुसताना बघते. आई म्हणते काकाने तिकडे उन्हातान्हात कमावलेले पैसे आहेत. (मी एसी ऑफिसात बसतो, हे वहिनीला किती वेळा सांगितलं आहे!) आणि तू रोज रात्री विचारतोस, आज किती? मग चाप दाबताना वाटतं, ही गोळी वाया गेली तर बाबांना आज काय सांगू, तुला काय सांगू."

मी व्हॉट्सअॅप उघडून मागे मागे गेलो. एकवीस दिवस. एकवीस रात्री. "आज किती?" "आज किती गं?" "किती?" मध्ये एकदा अंगठा, एकदा "काही हरकत नाही, उद्या!" मला वाटत होतं मी धीर देतोय. खरं म्हणजे मी रोज रात्री पावती मागत होतो.

काय बदललं, या प्रश्नाच्या यादीत मी सगळं लिहिलं होतं. साईट, नळी, लॉट, मूठ. माझं नाव लिहिलं नव्हतं. दादाने "काही नाही, फक्त पुसतो" म्हटलं होतं, तसंच माझं "काही नाही, फक्त विचारतो."

त्यानंतर आम्ही काय केलं ते थोडक्यात. मी स्कोअर विचारणं बंद केलं. सोपं नव्हतं, चार दिवस बोटं शिवशिवत होती. सरांनी दोन आठवडे लक्ष्याचा कागदच उलटा लावला, कोरी बाजू पुढे. वर्तुळं नाहीत, दहा नाही, नऊ नाही. फक्त साईट सरळ ठेवायची, चाप दाबत राहायचा, कधी सुटेल ते सुटेल. नकली काडतूस रोज. आणि दादाने एक गोष्ट स्वतःहून केली. पिस्तूल साफ करण्याचं काम त्याने पोरीवर सोपवलं. पहिल्या दिवशी तो शेजारी बसून बघत होता, दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन बाहेर गेला. वहिनी म्हणाली, पेपर उलटा धरला होता. हे तिने वाढवून सांगितलं असावं.

या अवधीत मी इकडे थोडं वाचलं. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची जी मावळंकर स्पर्धा आहे, ती लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाची. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तेच पहिले अध्यक्ष. मूळ रत्नागिरीकडचं घराणं, कर्मभूमी अहमदाबाद. लोकसभेत आरडाओरडा चालू असताना शांत बसायची सवय असलेला माणूस नेमबाजीच्या खेळाला योग्यच होता, असं मला उगाच वाटून गेलं.

असो. राज्य स्पर्धेच्या दिवशी इथे शुक्रवार होता. सकाळी मी फोन घरी ठेवून गाडी काढली आणि सीलाइनला गेलो. फोन जवळ असता तर विचारलंच असतं. समुद्र शांत होता, लांबवर एक टँकर उभा. १९४९च्या शेवटच्या दिवशी याच किनाऱ्यावरून, तेव्हा याला उम्म सईद म्हणत, कतारचं पहिलं तेल जहाजावर चढलं. तेव्हापासून इथे येणारे आपण सगळे घरी पैसे पाठवतो. पैशाबरोबर आणखी काय जातं, ते त्या पोरीने सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारी घरी आलो. दादाचा एक मेसेज होता : "प्रिसिजन २८१. रॅपिडमध्ये एक फेरी गडबडली. पदक नाही. बाहेर आली तेव्हा हसत होती. तुला सांगू नकोस म्हणाली होती, मी सांगतोय."

मी उत्तर लिहिलं, "दादा, स्क्रूड्रायव्हर चांगला घेतलास." त्यावर त्याने पहिल्यांदाच हसरा चेहरा पाठवला.

सगळं सुटलं असं समजू नका. रॅपिडमध्ये तिसऱ्या सेकंदाला हात अजून घाई करतो, मूठ अजून पुरती बसलेली नाही, तिला तासायचं काम पुढच्या महिन्यात, एका वेळी एकच जागा. पण आता दोष शोधताना ती घाबरत नाही. परवा तिनेच मला समजावलं, "काका, एक बदल, तीस गोळ्या, मग मत."

ज्यांच्या घरी पिस्तूल किंवा रायफल घेतलेली मुलं आहेत, त्यांच्यासाठी सार : पेटीतला चाचणीचा कागद आधी शोधा. स्क्रूंवर रेघा मारा. पिशवीवरून दहा-दहाचे ग्रुप घ्या, तीनवर निकाल देऊ नका. दोन वाड्या दिसल्या तर सैल भाग शोधा, सगळीकडे फाकल्या तर काडतूस आणि नळी बघा. एक दोष सापडला की तो सगळ्या गुणांना पुरतो का, हे गणित करा. नाही पुरला तर यादीत घरच्यांची नावं घाला, स्वतःचं सर्वांत वर.

आणि ज्यांच्या घरी पिस्तूल नाही, पण आपण पाठवलेल्या पैशांवर कोणी कोचिंग क्लासला जातंय, कोणी गाणं शिकतंय, कोणी दुकान टाकलंय, त्यांनी आज रात्री फोन करताना "किती?" एवढंच विचारू नये. जेवलीस का विचारा. मी सध्या तेच विचारतो. ती म्हणते, "काका, तुला खरं काय विचारायचंय ते मला कळतं." कळू दे.

नेमबाजीतलं मी ऐकून-वाचून शिकलेला माणूस आहे, जाणकारांनी चुका जरूर दाखवाव्यात. चू. भू. द्या. घ्या.

पुढच्या वेळी पुन्हा राउटर :-)

लोभ असावा,
मेसईदहून तुमचाच